जेलवर सगळं ठीक होतं, तरी बॅच गेली होती

सकाळी कोल्ड रूममध्ये शिरले, बीकरमध्ये काचेची कांडी बुडवून वर उचलली आणि द्रावणाने तारच धरली नाही, पाण्यासारखं टपटप गळायला लागलं, पोटात एकदम गोळाच आला. आदल्या संध्याकाळी हेच द्रावण इतकं दाट होतं की स्टररचा मॅग्नेट अडखळत होता.

कॉड माशाची कातडी होती. मांसाचे काप (फिले) काढून झाल्यावर जी टाकून देतात तीच, त्यातून आम्ही अँटी-एजिंग क्रीमसाठी कोलॅजेन, म्हणजे कातडीला बळकटी देणारं प्रोटीन, काढतो. आधी पातळ कॉस्टिक सोड्यात ठेवून बाकीची प्रोटीन्स काढायची, मग चरबी काढायची, मग 0.5 मोलर ॲसेटिक ॲसिडमध्ये 4 अंशाला तीन दिवस हळूहळू ढवळत ठेवायचं, घाई अजिबात चालत नाही. हा तिसरा दिवस होता.

ज्युनियर म्हणाली, "मॅडम, डिस्प्लेवर तर 4 च दाखवतंय." तापमान नोंदवत राहणाऱ्या लॉगरचा डेटा काढला तेव्हा कळलं, रात्री एकपासून पाचपर्यंत कॉम्प्रेसर बंद पडला होता, खोली 22 अंशांवर गेली होती आणि मग आपोआप पुन्हा गार झाली. अलार्म कुणीतरी म्यूट करून ठेवलेला.

22 अंश म्हणजे काय मोठंसं असं वाटतं ना, गाईच्या कातडीचं कोलॅजेन असतं तर त्याला काहीच झालं नसतं, ते जवळजवळ 40 अंशांपर्यंत टिकतं. पण कॉड थंड पाण्यातला मासा, त्याचं अंगही पाण्याइतकंच गार, त्यामुळे त्याच्या कोलॅजेनला जास्त तापमान सोसायची कधी गरजच पडली नाही. कोलॅजेनच्या तीन साखळ्या एकमेकींभोवती पिळून जो हेलिक्स होतो तो घट्ट धरून ठेवायला हायड्रॉक्सीप्रोलीन हे अमिनो ॲसिड लागतं, आणि कॉडमध्ये ते गाईच्या मानाने बरंच कमी असतं. म्हणून साधारण 15 अंशांनाच पीळ सुटतो, कोलॅजेनचं जिलेटिन होतं आणि द्रावणाचा दाटपणा जातो. मला ही गोष्ट दरवेळी विलक्षण वाटते, मासा ज्या पाण्यात राहिला ते पाणी त्याच्या कातडीच्या रेणूत उतरलेलं असतं.

दुपारी ज्युनियर जेल घेऊन आली, म्हणजे प्रोटीनच्या साखळ्या आकारानुसार वेगळ्या करून दाखवणारी चाचणी, चेहरा खुललेला, अल्फा-1, अल्फा-2 या साखळ्या, दोन जोडलेल्या साखळ्यांचा बीटा, सगळे बँड जागच्या जागी. तिला समजावलं, अगं जेलवर चालवायच्या आधी आपण नमुना उकळतोच, म्हणजे पीळ तिथे तसाही सुटतो, साखळ्या तुटल्या नाहीत एवढंच जेल सांगतं. मग सीडी स्पेक्ट्रममध्ये बघितलं, त्यात प्रकाशावरून रेणूचा पीळ शाबूत आहे का ते कळतं. 221 नॅनोमीटरपाशी चांगल्या कोलॅजेनचा स्पष्ट वर आलेला पीक असतो, आमच्या नमुन्यात तिथे नुसता बारीकसा उंचवटा उरला होता. मी बराच वेळ स्क्रीनसमोर बसून होते. तीन दिवस, एवढी कातडी.

संध्याकाळच्या मीटिंगमध्ये सर म्हणाले, जेल ओके आहे ना, मग नेटिव्ह मरीन कोलॅजेन, म्हणजे पीळ शाबूत असलेलं माशाचं कोलॅजेन, असं लिहूनच पुढे पाठवू, क्रीम लावणाऱ्याला काय कळणार. मी स्पष्ट नाही म्हणाले. अख्खा कोलॅजेन रेणू साधारण 3 लाख डाल्टनचा (डाल्टन हे रेणूच्या वजनाचं माप), त्वचेतून सहज आत जायला 500 च्या आत असावं लागतं, म्हणजे क्रीममधलं कोलॅजेन आत जाऊन सुरकुती भरत नाही, ते वरच राहतं, पातळ थर धरतं आणि पाणी धरून ठेवतं. त्याचं खरं काम एवढंच, आणि ते चांगलं काम आहे, पण अख्ख्या हेलिक्सचा थर आणि जिलेटिनचा थर सारखे नसतात. नेटिव्ह या एका शब्दासाठी माणूस पैसे मोजणार असेल तर आत तेच असलं पाहिजे. सर थोडा वेळ गप्प राहिले, मग म्हणाले, ठीक आहे, याचं काय करता येईल ते बघा.

ती बॅच आम्ही एन्झाइमने तोडून पेप्टाइड, म्हणजे साखळ्यांचे छोटे तुकडे केली, मॉइश्चरायझरसाठी हायड्रोलाइज्ड कोलॅजेन म्हणून गेली, लेबलवरही तसंच लिहिलं. अलार्म आता माझ्या आणि ज्युनियरच्या अशा दोघींच्याही फोनवर वाजतो. नवीन कातडी त्याच आठवड्यात ॲसिडमध्ये घातली, पहिल्या रात्री अकराला मी स्वतः जाऊन कांडी बुडवून आले, तार अजून आली नव्हती, पण कातडी छान फुगायला लागली होती.