तुम्ही विचारलंत म्हणून : वापरायचं, का नुसतं बघायचं?

बेळगावजवळच्या खानापूरला माझ्या कुंभारकामाच्या शेडवर आलेला माणूस कप उचलतो, उलटा करून किंमत बघतो आणि विचारतो, "हे वापरायचं काय ओ, का नुसतं शोकेसला?" किमतीमुळे विचारतात, कळतं मला.

खानापूर तसं मातीचंच गाव. कौलं-विटांच्या भट्ट्या इथल्या, खादी ग्रामोद्योग आयोगाची कुंभारकाम शिकवणारी संस्थाही इथलीच. बाजारात आज्जी मडकं घेताना टिचकी मारून कान देते. खणखणीत वाजलं तर पैसे काढते, बद्द वाजलं तर चीर आहे म्हणून खाली ठेवते. एवढी कडक परीक्षा मला कुठल्या प्रदर्शनात द्यावी लागली नाही.

माझ्या कपांना कान नसतो, एका अंगाला खळगा असतो. लोक त्याला 'आर्टिस्टिक' म्हणतात. झालं असं, की आईची बोटं संधिवातानं वाकलेली. तिच्यासाठी कानाचा कप केला. ओला असताना त्याच्या कानात माझी दोन बोटं आरामात जायची. पण माती वाळताना आणि भाजताना आकसते, माझी १० टक्क्यांच्या आसपास. भट्टीतून निघाल्यावर आईचं एक बोटसुद्धा धड जाईना. पुढच्या खेपेला कानच काढून टाकला आणि ओल्या कपावर तिचाच अंगठा दाबून घेतला. चटका बसू नये म्हणून अंग जाड ठेवलं. काठ मात्र पातळ, नाहीतर चहा हनुवटीवर ओघळतो.

लाल माती १००० अंशांपर्यंत भाजली तरी पाणी झिरपतंच. माठ त्यानेच गार राहतो, चहाला ते चालत नाही, म्हणून आतून ग्लेझ, म्हणजे भट्टीत वितळून काचेसारखा होणारा लेप. बाहेरून देत नाही. चाकावरच्या बोटांच्या रेघा दिसतात आणि ओल्या हातातून कप निसटत नाही. यातलं उपयोगाचं कुठलं आणि शोभेचं कुठलं, मला वेगळं काढता येत नाही.

शोकेसमध्ये माझी एकच बरणी आहे. ग्लेझ जास्त झालं, वितळून झाकण कायमचं चिकटलं. कौतुक तिचंच फार होतं.

आईच्या कपाचा मागच्या शिमग्यात टवका उडाला, नेमका ओठापाशी. नवा देते म्हटलं तर नको म्हणाली. आता त्याच खळग्यात डावा अंगठा घालते, म्हणजे टवका पलीकडे जातो.