गेंडोबाच्या खांद्यातली काडी

काडी दोन सेंटिमीटरची असेल. एक टोक गुळगुळीत, दुसरं पिंजलेलं. फोटोत ती कागदी ताटलीत, अर्धवट खाल्लेल्या केकच्या तुकड्याशेजारी ठेवली होती. खाली एवढंच लिहिलं होतं, "ताई, हे काय आहे?" वाढदिवसाला आलेल्या एका छोट्या मुलीने ती तोंडातून काढून आईच्या हातावर ठेवली होती. मुलीला काही झालं नाही. हे आधीच सांगते, कारण मीही फोन लावून आधी तेच विचारलं, आणि उत्तर येईपर्यंत माझे हातपाय गार पडले होते.

केक गेंडोबाचा होता. गेंडोबा कुठल्या कार्टूनमधला नाही. तो त्या घरातल्या आजोबांच्या रात्रीच्या गोष्टीतला. अंगाने निळा, गळ्यात लाल मफलर, दोन पायांवर चालणारा आणि अंधाराला घाबरणारा. मुलगा पाच वर्षांचा होणार होता आणि ऑर्डर द्यायला आईबरोबर स्वतः चित्र काढून घेऊन आला होता. मी विचारलं, "चार पायांवर उभा केला तर चालेल?" तो म्हणाला, "मग तो नुसता गेंडा होईल." याला माझ्याकडे उत्तर नव्हतं. मी हो म्हटलं.

केकला स्वतःचं वजन पेलत नाही, हे बाहेरच्यांच्या लक्षात येत नाही. व्हिडिओत चाळीस सेकंदांत गोळ्यातून प्राणी उभा राहतो, पण आतला सांगाडा कोणी दाखवत नाही, आणि मग लोक फोटो पाठवून म्हणतात, अगदी असाच करा, परवा हवाय. गेंडोबासाठी मी जाड लाकडी पाटाला भोक पाडून आट्यांचा रॉड खालून नट-वॉशरने आवळला. त्यावर खाण्याला चालणारी नळी चढवली. पायांच्या उंचीवर, म्हणजे पाटापासून १४ सेंटिमीटरवर, दुसरी छोटी पाटी बसवली. पाय केकचे नव्हतेच. वितळलेल्या मार्शमेलोत तांदळाचे कुरकुरीत दाणे कालवून ते रॉडभोवती दाबून घडवले. डोकंही त्याच मिश्रणाचं, कारण केकचं डोकं जड होतं आणि मानेपाशी हळूहळू पुढे झुकतं. खरा केक फक्त धडात, जवळपास ३ किलो.

धडासाठी लोण्याचा घट्ट स्पंज. हलका, ओलसर स्पंज खायला छान, पण सुरी लावली की चुरा होतो. थर लावून रात्रभर फ्रीजमध्ये, आणि सकाळी गार असतानाच कोरायला घ्यायचा. थोडं थोडं काढायचं, फिरून सगळीकडून बघायचं, मग पुन्हा थोडं. वरून गनाश, म्हणजे चॉकलेट आणि क्रीमचा लेप. डार्क चॉकलेटला वजनाने दोनास एक क्रीम, व्हाइट असेल तर तीनास एक, नाहीतर ते घट्ट होतच नाही. गनाश नीट बसलं तरच वरचं फॉन्डन्ट, म्हणजे साखरेचं लाटून पसरायचं आवरण, नीट बसतं. ज्यांना वाटतं की फॉन्डन्ट सगळं झाकतं, त्यांनी एकदा खड्डा ठेवून बघावा. दुसऱ्या दिवशी तो खड्डा वर दिसतोच.

निळा मी एक दिवस आधीच मळून ठेवला, कारण जेल रंग रात्रीतून गडद होतो. लाल मात्र तयार रंगाचंच फॉन्डन्ट घेतलं. घरी गडद लाल करायला इतका रंग घालावा लागतो की ते कडू लागतं. कातडीसाठी अॅल्युमिनियमची फॉइल चुरगळून दाबली, मग गोल टोकाच्या हत्याराने मानेच्या, काखेच्या, गुडघ्यांच्या घड्या ओढल्या आणि त्या घड्यांत कोरड्या ब्रशने जरा काळपट निळी पूड भरली. तेवढ्याने फॉन्डन्टचं कातडं झालं. डोळ्यांवर मी पाऊण तास घालवला. बुबुळातला पांढरा ठिपका दोन्ही डोळ्यांत एकाच बाजूला हवा, नाहीतर नजर कुठेच लागत नाही. भुवयांची आतली टोकं किंचित वर उचलली, आणि गेंडोबा खरंच अंधाराला घाबरणारा दिसायला लागला. त्या क्षणी मला फार आनंद झाला. तो आनंद खरा होता, म्हणूनच हे लिहिते आहे.

हात मॉडेलिंग चॉकलेटचे, म्हणजे चॉकलेटमध्ये ग्लुकोज सिरप घालून केलेल्या मातीसारख्या गोळ्याचे. ते मफलरची टोकं धरून छातीसमोर होते, पण खांद्यापाशी भार येत होता. कानांना कच्च्या स्पॅगेटीचा आधार पुरतो, हाताचं वजन ती पेलत नाही. प्रत्येक खांद्यातून बांबूच्या दोन काड्या आत घातल्या. एकूण चार.

केकमध्ये काय खुपसावं यावरून मी आमच्या व्यवसायातल्या बायकांशी भांडलेली आहे. फुलांच्या तारा थेट केकमध्ये घालतात, टूथपिक विसरतात आणि वर म्हणतात, इतकी वर्षं काही झालं नाही. मी प्रत्येक काडी मोजते, चिठ्ठीवर चित्र काढून देते आणि केक पोचवताना तोंडी सांगते.

त्या दिवशीही केक नेताना सगळं नीट झालं. फ्रीजमधून काढून बंद खोक्यातच ठेवला होता, म्हणजे घाम खोक्यावर येतो, केकवर नाही, आणि लाल रंग निळ्यात उतरत नाही. झाकण उघडलं तेव्हा मुलगा समोरच होता. तो ओरडला नाही, नाचला नाही. जवळ गेला, गेंडोबाच्या कानाशी तोंड नेऊन काहीतरी कुजबुजला आणि मग माझ्याकडे बघून म्हणाला, "घाबरलाय. पण मी सांगितलंय त्याला."

आता माझं नेहमीचं वाक्य असं असतं: आधी डोकं काढा, मग हात उपटा, चार काड्या मोजून घ्या, मग रॉड टाळून काप करा. ते मी त्या पोरासमोर कसं म्हणणार? मी त्याच्या आईला बाजूला घेतलं आणि हळू आवाजात, घाईत सांगितलं. तिने मान हलवली. तिच्या हातातला फोन वाजत होता, दारात पाहुणे आले होते. चिठ्ठी मी खोक्याच्या झाकणाला आतून चिकटवली होती. खोकं नंतर घडी घालून कुठेतरी ठेवलं गेलं.

पुढचं मला फोनवर कळलं. सुरी पुढे आली तसा मुलगा रडायला लागला. गेंडोबाला कापायचं नाही. शेवटी आजोबांनी मार्ग काढला: गेंडोबाला झोप आली आहे, त्याला आत नेऊ. केक स्वयंपाकघरात गेला आणि कापायचं काम मामाकडे आलं. मुलाला दारातून दिसला तरी पुढून अख्खा दिसावा, म्हणून त्या भल्या माणसाने पाठीकडून, खांद्यामागून काप घेतले. पावाच्या दातेरी सुरीला काहीतरी कडक लागलं. त्याला वाटलं, चॉकलेट असेल. त्याने जोर लावला.

मैत्रीण म्हणाली, "चिठ्ठी दिलीस, तोंडी सांगितलंस, आणखी काय करायचं?" मुलाच्या आईनेही मला बोल लावला नाही, उलट स्वतःचंच चुकलं म्हणाली. मला दोन्ही पटत नाही. मी ज्याच्याशी बोलायला हवं होतं तो सुरी धरणारा माणूस, आणि तो मला भेटलाच नव्हता. जी ऑर्डर देते, जी केक घेते, तीच कापेल, हे मी इतकी वर्षं गृहीत धरत आले. आणि गेंडोबा थोडा कमी जिवंत झाला असता, तर मी ते वाक्य मुलासमोर मोठ्याने म्हटलं असतं आणि खोलीतल्या सगळ्यांनी ऐकलं असतं. माझ्याच त्या पाऊण तासामुळे मला कुजबुजावं लागलं. यातून मी अजून सुटलेले नाही.

आता सूचना पाटावरच, केकच्या मागच्या बाजूला असतात. धडात काडी नाही. हात पोटाला टेकलेले ठेवते आणि ते बसतील असा खळगा आधीच गनाशमध्ये करून ठेवते. तीन प्राण्यांवर हे जमलं, चौथ्याचा एक हात रात्रीत दोन बोटं खाली आला आणि सकाळी पुन्हा लावावा लागला.

गेल्या आठवड्यात त्याच आईचा फोन आला. सहावा वाढदिवस आहे, आणि आजोबांच्या गोष्टीत गेंडोबाला टॉर्च मिळाला आहे. चित्र पाठवलंय. त्यात गेंडोबा हात सरळ पुढे करून अंधारात टॉर्च धरून उभा आहे. तसा हात काडीशिवाय राहणार नाही. मी अजून हो म्हटलेलं नाही. टॉर्च पोटाशी धरून उजेड वर चेहऱ्यावर पडला तर चालेल का, हे विचारायचंय. आईला नाही, त्यालाच.