बंदी हवी का विचारत होतो, तेवढ्यात बंदी आलीच

मी अमेरिकेत एका सर्व्हे करणाऱ्या कंपनीत काम करते. काम काय, तर फोनवर लोकांची मतं घेणाऱ्या पोरापोरींचे कॉल हेडफोन लावून ऐकायचे. प्रश्न स्क्रीनवर आहे तस्साच वाचतायत का, मधेच आपलं शहाणपण घालत नाहीत ना, उत्तर नीट टिपलंय का, हे सगळं बघायचं आणि फॉर्म भरायचा. शिवाय 'तुमच्या शब्दांत सांगा' टाइपचे जे प्रश्न असतात त्यांची उत्तरं वाचून कुठलं उत्तर कुठल्या गटात टाकायचं तेही माझ्याकडेच. बाहेरून बोअर वाटतं आणि खरं सांगायचं तर बरेचदा असतंही.

पण ८ मार्च २०२२ चा मंगळवार काही विसरणार नाही.

२४ फेब्रुवारीला रशियाने युक्रेनवर हल्ला केला, त्यानंतर आठवडाभरातच एका क्लायंटने घाईघाईत सर्व्हे लावला होता. विषय युद्ध, रशियन तेल, पेट्रोलचे भाव आणि शेवटी थोडं प्रदूषण. मुख्य प्रश्न असा की अमेरिकेने रशियाकडून तेल आयात करणं बंद करावं का. यात एक गंमत होती, निम्म्या लोकांना नुसता हा प्रश्न जायचा आणि उरलेल्या निम्म्यांना त्याच्यापुढे 'त्यामुळे इथे पेट्रोलचे भाव वाढले तरी' हे जोडून जायचा. कोणाला कुठला ते कॉम्प्युटर ठरवतो, विचारणाऱ्याच्या हातात काही नसतं. आमचे आकडे क्लायंटचा माल, ते सांगता येत नाहीत, पण आदल्याच दिवशी, ७ मार्चला, क्विनिपिॲक विद्यापीठाचा पोल आला होता, त्यात भाव वाढले तरी चालेल पण बंदी घाला म्हणणारे ७१ टक्के होते आणि विरोधात २२. रिपब्लिकन लोकांतसुद्धा ६६ टक्के बाजूने. या देशात दोन्ही पार्ट्यांचे लोक कुठल्याच प्रश्नावर एवढे एका बाजूला दिसत नाहीत, त्यामुळे आमच्याकडे सगळ्यांच्या भुवया वर गेलेल्या.

त्या दिवशी सकाळी आल्या आल्या पहिली बातमी भावांची. पेट्रोलची देशभरातली सरासरी गॅलनला (साधारण पावणेचार लिटरला) ४.१७ डॉलर झाली, २००८ चा ४.११ चा रेकॉर्ड मोडला. त्यावर चर्चा चालू असतानाच, दुपारच्या जरा आधी, तेव्हाचे डेमोक्रॅट राष्ट्राध्यक्ष बायडेन टीव्हीवर आले आणि रशियाचं तेल, नैसर्गिक वायू, कोळसा सगळ्याची आयात बंद करतोय असं जाहीर करून टाकलं. आणि आमच्या स्क्रीनवर प्रश्न तसाच, 'बंद करावी का'.

मी त्या वेळी एक कॉल ऐकत होते. पलीकडे एक गृहस्थ, आवाजावरून रिटायर झालेले वाटले. मुलाने प्रश्न वाचला तर ते म्हणाले, अरे आत्ताच बंद केली की, मी टीव्हीसमोरच बसलोय. मुलगा गप्प. ट्रेनिंगमध्ये एकच शिकवलेलं असतं, रिस्पॉन्डंट, म्हणजे उत्तर देणारा, प्रश्नाला सोडून बोलला तर प्रश्न परत वाचायचा, बाकी एक अक्षर बोलायचं नाही. त्याने परत वाचला. ते गृहस्थ खो खो हसले आणि म्हणाले बरं बाबा, लिही, हो, बंद करावी. (मुलाला मी पूर्ण मार्क दिले, त्याने नियम तंतोतंत पाळला होता.)

मग वरती धावपळ. आमची स्टॅटिस्टिक्सवाली म्हणत होती की चालू सर्व्हेत प्रश्न बदलायचा नाही म्हणजे नाही, आधीचे आणि नंतरचे आकडे एकत्र करता येणार नाहीत. क्लायंट म्हणतोय की जे होऊन गेलं ते करावं का असं विचारताना आपण येडे दिसतोय. दोघांचंही बरोबरच होतं. शेवटी कॉल थांबवले, संध्याकाळच्या शिफ्टपासून 'जाहीर झालेल्या बंदीला तुमचा पाठिंबा आहे की विरोध' असं करायचं ठरलं आणि आधीचा डेटा वेगळा ठेवायचा. स्पॅनिशमधली प्रश्नावली परत भाषांतर करून तपासून घ्यायला लागते, म्हणून स्पॅनिश कॉल त्या दिवसापुरते बंदच.

आणि संध्याकाळी हेडफोनमध्ये जे ऐकलं त्यासाठी हे लिहायला बसले. आमच्या प्रश्नात बायडेनचं नाव कुठेच नव्हतं, सकाळीही नाही, संध्याकाळीही नाही. पण सकाळपर्यंत लोकांच्या डोक्यात ही बंदी पुतिनच्या विरोधात होती आणि संध्याकाळी ती बायडेनची झाली होती. सकाळी ज्या टाइपचे लोक 'कसली वाट बघतायत, करा ना बंद' म्हणत होते त्याच टाइपचे लोक संध्याकाळी म्हणायला लागले की हो ठीक आहे, पण हा आता भाववाढीचं खापर रशियावर फोडणार. (आणि सरकार बोलतही होतं तसंच, 'पुतिनची भाववाढ'.) पाठिंबा कोसळला वगैरे काही नाही हं, बरेच जण 'हो'च म्हणत होते, पण त्या 'हो'ला शेपूट लागलं होतं. आणि टेबलमध्ये शेपूट दिसत नाही, तिथे फक्त टक्का.

लोकांना माहिती किती कमी असते हेही या कामात कळतं. 'तुमच्या शब्दांत सांगा'मध्ये कित्येक जण असं बोलत होते की जणू इथलं निम्मं पेट्रोल रशियातून येतंय. २०२१ मध्ये अमेरिकेच्या एकूण तेल आयातीत, म्हणजे कच्चं तेल आणि बाकीचे पदार्थ मिळून, रशियाचा वाटा साधारण ८ टक्के होता आणि नुसतं कच्चं तेल बघितलं तर अजूनच कमी. अमेरिका स्वतःच जगात सगळ्यात जास्त कच्चं तेल काढते. त्या ८ टक्क्यांतलंही बरंचसं कशामुळे आलेलं, तर २०१९ मध्ये व्हेनेझुएलाच्या तेलावर निर्बंध टाकले, तिथलं जड तेल बंद झालं, मग तशा तेलासाठी बांधलेल्या दक्षिणेकडच्या रिफायनऱ्यांनी रशियाचा माल वाढवला. म्हणजे एका बंदीची भरपाई ज्याच्याकडून केली, त्याच्यावर आता दुसरी बंदी. पण हे फोनवर कोणाला सांगायचं नाही. आमच्यात एक केमिस्ट्री शिकलेला मुलगा आहे, तो कॉल संपला की हेडसेट काढून टेबलावर डोकं आपटायचा. दुसरं म्हणजे पाइपलाइन. कॅनडातून तेल आणायच्या कीस्टोन एक्सएल लाइनची परवानगी २०२१ च्या जानेवारीत रद्द झाली, ती लाइन तेव्हा पुरी होण्याच्या जवळपासही नव्हती, पण 'भाव का वाढले' याच्या उत्तरात ती एवढ्या वेळा आली की मला तिच्यासाठी वेगळा कोड, म्हणजे उत्तरांचा नवा गट, उघडावा लागला.

आता त्या संध्याकाळचा एक कॉल. तपशील थोडे बदललेत, ओळख कळू नये म्हणून.

मोबाइलवर फोन लागला की पहिला प्रश्न ठरलेला, तुम्ही आत्ता गाडी चालवताय का. बाई म्हणाल्या, चालवत नाहीये, टाकी भरतेय. विचारणारी मुलगी म्हणाली नंतर करू का, तर म्हणाल्या नको, आत्ताच विचार, नाहीतर मी ते डॉलर पळताना बघत बसेन. मागे पंपाची घरघर ऐकू येत होती. काम त्यांचं घरोघरी जाऊन आजारी म्हाताऱ्या माणसांची देखभाल करायचं, स्वतःच्या गाडीने.

बंदीला पाठिंबा? ठाम पाठिंबा. त्यांना 'भाव वाढले तरी'वालं व्हर्जन आलं होतं. वाक्याचा तो भाग वाचला गेला तेव्हा त्या जरा थांबल्या, तेवढ्यात नोझलचा खट्ट आवाज आला, आणि मग म्हणाल्या, हो, तरीसुद्धा, तिकडे पोरांवर बॉम्ब पडतायत. पुढचा प्रश्न, भाववाढीचा घरखर्चावर परिणाम? खूप. कसा, तुमच्या शब्दांत? लांबच्या एका आजींकडचं काम सोडतेय या आठवड्यापासून, परवडत नाही जायला. मग प्रदूषणाचे प्रश्न. तेल, कोळसा जाळून होणाऱ्या प्रदूषणाची काळजी वाटते का? खूप वाटते, हायवेला लागून राहतो, मुलगा इनहेलरवर आहे. मग शेवटचा, हे प्रदूषण कमी करण्यासाठी पेट्रोलवर जादा टॅक्स लावला तर? ठाम विरोध. इथे थांबणं नाही, विचार नाही, प्रश्न पुरा व्हायच्या आधी उत्तर.

मुलीने थँक यू म्हणून कॉल संपवला. माझ्या फॉर्मवर एक चौकट असते, 'उत्तरं परस्परविरोधी वाटतात का'. मी 'नाही' टिक केलं. माझ्या शेजारी बसणारा सहकारी म्हणाला अगं सरळसरळ विरोधी आहेत की, युद्धासाठी महाग पेट्रोल चालतं आणि स्वतःच्या पोराच्या दम्यासाठी चालत नाही.

मला तसं वाटत नाही, तेव्हाही वाटलं नव्हतं. बंदीच्या प्रश्नात समोर एक माणूस आहे, ज्याला धडा शिकवायचाय, आणि मनात कुठेतरी असं आहे की हे काही महिन्यांचं आहे, युद्ध संपलं की भाव उतरतील. टॅक्सच्या प्रश्नात समोर कोणीच नाही. एक गॅलन पेट्रोल जळालं की जवळजवळ ९ किलो कार्बन डायऑक्साइड हवेत जातो, आणि तो सोडणारी कोण, तर आजींकडे जाणारी हीच बाई. वर टॅक्स एकदा लागला की परत निघत नाही आणि पैसे जाणार सरकारकडे, ज्याच्यावर विश्वास नाही. म्हणून तर इथल्या केंद्र सरकारचा पेट्रोल टॅक्स १९९३ पासून गॅलनला १८.४ सेंटवर अडकलाय, कोणी हात लावत नाही. वॉशिंग्टन राज्य एवढं पर्यावरणवालं, तिथेही कार्बनवरच्या टॅक्सचा प्रस्ताव २०१६ ला आणि परत २०१८ ला मतदारांनी पाडला. फ्रान्समध्ये २०१८ च्या शेवटी इंधनाच्या टॅक्सवरून पिवळी जॅकेटं घालून लोक रस्त्यावर आले ते सगळ्यांना आठवत असेलच. ही सगळी माणसं प्रदूषण आवडणारी होती असं थोडंच आहे.

काही दिवसांनी लंचला त्याच सहकाऱ्याने मला गाठलं, तुमचा भारत तर रशियाचं तेल आता जास्तच घेतोय म्हणे. म्हटलं हो घेतोय, स्वस्तात मिळतंय म्हणून घेतोय. युद्धाआधी भारत रशियाकडून नावाला तेल घ्यायचा, नंतर रशिया मोठा पुरवठादार होत गेला, आणि त्यातलं काही रिफाइन होऊन डिझेल बनून परत युरोपात जायला लागलं. म्हणजे पत्ता बदलला, तेल काही जमिनीत राहिलं नाही. बंदीमुळे रशियाला स्वस्तात विकावं लागलं हे खरं, पण जाळायचं ते जळतंच होतं. आणि बंदी म्हणजे तेल कमी जळणार असं समजून 'हवेसाठीही चांगलं' म्हणणारे मला उत्तरांत बरेच भेटले.

मार्चच्या मध्याला अजून एक प्रकार सुरू झाला. कच्चं तेल १०० डॉलरच्या खाली आलं, पण पंपावर भाव ४.२५ च्या वरच. आता फोनवर लोक युद्धावर कमी आणि तेल कंपन्यांवर जास्त चिडलेले. भाव चढताना लिफ्टने जातात आणि उतरताना जिन्याने, असं आमच्यातच कोणीतरी म्हणालं आणि खरंच अभ्यासकांनीही हे वेगवेगळ्या देशांत पाहिलेलं आहे. मार्चअखेर बायडेननी राखीव साठ्यातून १८ कोटी बॅरल काढायचं जाहीर केलं, तरी जूनच्या मध्याला सरासरी ५ डॉलरच्या पुढे गेलीच. पंपावर आकड्याकडे बोट दाखवणाऱ्या बायडेनचे स्टिकर 'हे मी केलं' म्हणत जिकडेतिकडे चिकटलेले. आणि डिसेंबर येईपर्यंत तोच भाव साडेतीनच्या खाली, तेव्हा मात्र कोणी स्टिकर लावला नाही.

जूनच्या फेरीची प्रश्नावली ठरवायला मीटिंग झाली. फोन सर्व्हेत मिनिटाला पैसे पडतात आणि क्लायंटला 'भाववाढीला जबाबदार कोण' हा नवा भला मोठा प्रश्न हवा होता, राष्ट्राध्यक्ष, पुतिन, तेल कंपन्या, पुरवठा साखळी वगैरे वगैरे. त्याला जागा करायला काहीतरी काढायचं होतं. मी म्हटलं की बंदी आणि टॅक्स हे दोन्ही प्रश्न एकाच माणसाला विचारलेले राहू देत, मग दोन्ही उत्तरं एकमेकांसमोर ठेवून बघता येतील, कोण कशाला हो म्हणतं आणि कशाला नाही, खरी मजा त्यातच आहे. स्टॅटिस्टिक्सवालीने मान डोलावली. क्लायंटचा माणूस म्हणाला इंटरेस्टिंग आहे, पण हेडलाइन होत नाही. बंदीचा ठेवला, टॅक्सचा काढला. प्रदूषणाचा एक प्रश्न राहिला, तो सगळ्यात शेवटी, वय आणि शिक्षण विचारायच्या जरा आधी, जिथपर्यंत येईस्तोवर बरेच लोक फोन ठेवून देतात.