नसते उद्योग

आमच्या घरातली महागडी खेळणी सध्या सोफ्याखाली पडली आहेत आणि त्यांचा मालक परातीत बसला आहे. परातीत म्हणजे खरोखर परातीत. माझ्या रुखवतात आलेली, एरवी फक्त पुरणाच्या दिवशी माळ्यावरून खाली उतरणारी पितळी परात, तिच्यात किलोभर जाडा रवा आणि रव्यात फतकल मारून माझा अडीच वर्षांचा नातू गुंड्या. हातात चहाची गाळणी. गाळणीत रवा भरायचा, ती डोळ्यांसमोर धरायची आणि खालून झरणारा रवा बघत तोंडानं बारीक ‘श्श्श’ करायचं. संपला की पुन्हा भरायचा. पंचवीस मिनिटं झाली. या पंचवीस मिनिटांत माझी भाजी चिरून झाली, चहा झाला आणि तो चहा मी गरम असताना प्यायले. ज्यांच्या घरी अडीच वर्षांचं मूल आहे त्यांना यातला चमत्कार समजेल.

रव्याबद्दल आधीच सांगून टाकते, नाहीतर वाचणाऱ्या निम्म्या बायकांचं लक्ष पुढे लागायचं नाही. रव्याला जाळी धरली होती. चाळला, भाजला, तरी कुणी खाईना. तेव्हापासून तो एका पत्र्याच्या डब्यात आहे आणि त्यावर ‘खेळाचा’ अशी चिठ्ठी आहे, कारण एकदा यांनी त्याचा उपमा करायला घेतला होता. माझ्या आईनं हे पाहिलं असतं तर ‘अन्नाशी खेळतात का?’ म्हणून मलाच पाठीत धपाटा घातला असता. तो धपाटा मला अजूनही अधूनमधून जाणवतो. म्हणून चांगलं धान्य मी परातीत ओतत नाही.

लेक सकाळी सव्वासातला डोंबिवली स्टेशन गाठते. आठवड्यातले तीन दिवस गुंड्या माझ्याकडे. सुरुवातीला ती निघता निघता मला फोनवर व्हिडिओ पाठवून जायची. ‘आई, आज ही अॅक्टिव्हिटी घे त्याची.’ मला वाटलं, हे काहीतरी लस टोचण्यासारखं असणार. नीट पाहिल्यावर कळलं की अॅक्टिव्हिटी म्हणजे आमच्या वेळचे उद्योग. फरक एवढाच की आम्ही ते करत असू तेव्हा आई ओरडायची, ‘काय नसते उद्योग चाललेत?’ आणि आता तेच उद्योग घरच्यांनी मांडून द्यायचे असतात.

पहिला मान सुरवंटाला. अंड्यांच्या पुठ्ठ्याच्या ट्रेमधली एक ओळ कापायची, तिला हिरवा रंग द्यायचा, डोळे काढायचे, शिंगांना लोकर. व्हिडिओत हे सगळं चाळीस सेकंदांत होतं आणि शेवटी एक गोरंगोमटं पोर टाळ्या वाजवतं. मी सकाळी साडेनऊला बसले. पुठ्ठा माझ्या कात्रीला ऐकेना, म्हणून यांची पत्रा कापायची कात्री काढली. रंग वाळेना, म्हणून पंख्याखाली धरून बसले. पावणेबाराला सुरवंट तयार झाला. माझ्या मते बरा झाला होता. गुंड्यानं त्याच्याकडे एकदा पाहिलं, ‘आळी’ म्हणाला आणि कापलेल्या पुठ्ठ्याचे कपटे एकात एक बसवत जेवायच्या वेळेपर्यंत तिथेच बसला. सुरवंट आता फ्रिजवर आहे. पाहुणे विचारतात, ‘अय्या, गुंड्यानं केला?’ मी काहीच बोलत नाही.

त्या दिवसापासून मी वस्तू बनवायच्या भानगडीत पडत नाही. त्याला वस्तू नकोच असते. त्याला काम हवं असतं, आणि तेही खऱ्या भांड्यांनी. प्लास्टिकचं बाहुलीचं स्वयंपाकघर आणलंय कुणीतरी. त्यातली लाल कढई त्याला फसवणूक वाटते. माझी कढई जड आहे, वाजते, तिला कालचा वास आहे.

मग आमचे उद्योग सुरू झाले. कपडे वाळत घालायचे चिमटे एका बुटाच्या खोक्याच्या काठाला लावायचे. चिमटा दाबला की उघडतो हे कळायला त्याला दोन दिवस लागले. दाबायला अंगठा, उघडलेलं तोंड पुठ्ठ्यावर आणायला डोळा, आणि सोडायची वेळ वेगळीच. तीन गोष्टींचा मेळ बसवताना त्याची जीभ ओठांच्या कोपऱ्यातून बाहेर यायची. तिसऱ्या दिवशी मेळ बसला आणि दुपारी झोपलेल्या आजोबांच्या सदऱ्याला गळ्यापासून खालपर्यंत अकरा चिमटे लागले. हे तसेच उठून दार उघडायला गेले. दारात सोसायटीचे सेक्रेटरी.

पाण्याचा उद्योग बाथरूममध्ये, मोजून एक तांब्या पाण्यावर. मी समोर पाटावर बसते आणि उठायचं झालं तर आधी पाणी ओतून टाकते. भरलेली बादली तर तिथे ठेवतच नाही. एक फुलपात्र, दोन वाट्या, एक लहान झारा. फुलपात्रातून वाटीत ओतताना पहिले काही दिवस सगळं पाणी वाटीच्या पलीकडे जायचं, कारण तो फुलपात्र धरायचा बाटलीसारखं आणि उपडं करायचा एकदम. मग कधीतरी त्याच्या ध्यानात आलं की काठ वाटीवर टेकवायचा आणि हळूच कलता करायचा. मी शिकवलं नव्हतं. त्या दिवशी पहिल्यांदा पाण्याची धार लागली, बारीक, आवाज करणारी, आणि तो आवाज वाटी भरत आली तसा बदलत गेला. त्यानं माझ्याकडे पाहिलं. तोही ऐकत होता.

माझं माहेर घोलवडचं, त्यामुळे हे पाहून मला शेजारचं बोर्डी गाव आठवणारच. तिथे १९४५ मध्ये ताराबाई मोडकांनी खेड्यातल्या मुलांसाठी बालशिक्षणाचं काम सुरू केलं. अनुताई वाघ त्यांच्याबरोबर. इटलीच्या माँटेसोरीबाईंच्या बालशिक्षण पद्धतीची साधनं सुबक, लाकडी आणि खर्चिक. ती पाड्यावर परवडणार कुणाला? मग त्यांनी शंख, शिंपले, खडे, पानं, बिया घेतल्या. मोजायला तेच, रांगा लावायला तेच, लहानमोठं ओळखायला तेच. मुलं बालवाडीत येईनात तर बालवाडी उचलून त्यांच्या अंगणात नेली. अंगणवाडी हा शब्द तिथला, तो पुढे सरकारी योजनेतून देशभर गेला. माझी मावशी त्या भागात बालवाडी चालवायची. तिच्या पिशवीत कायम चिकूच्या बिया असत, काळ्या, गुळगुळीत, जणू तेल लावलेल्या. आम्ही पोरं त्या बियांची नक्षी मांडायचो. लाल-काळ्या गुंजांना मात्र ती हात लावू द्यायची नाही, विषारी म्हणून. मावशीच्या पिशवीची किंमत मला कळली ती आत्ता, लेकीनं त्याच कामाची लाकडी पेटी फोनवर दाखवून तिची किंमत वाचून दाखवली तेव्हा.

बियांवरून हरभरा आठवला. तो प्रसंग लेकीला आम्ही तब्बल चार दिवसांनी सांगितला होता.

मी परातीत मूठभर हरभरे आणि चमचा दिला होता. दोन मिनिटांसाठी गॅसकडे वळले. घर एकदम गप्प झालं. लहान मूल गप्प झालं की भांडं फुटल्यापेक्षा जास्त भीती वाटते. आले, तर गुंड्या नाकाची उजवी बाजू चोळतोय. ‘काय झालं रे?’ ‘बाबू गेला.’ ‘कुठे गेला?’ त्यानं बोट नाकात घालून दाखवलं. हे म्हणाले, तपकीर देऊ, शिंक येईल. मी यांच्याकडे अशा नजरेनं पाहिलं की तो विषय तिथेच संपला. उचललं आणि खालच्या चौकातल्या डॉक्टरीणबाईंकडे धावले. त्यांनी टॉर्चनं पाहिलं, चिमटा वगैरे काही काढला नाही, मलाच म्हणाल्या, ‘आजी, त्याला पापी देते म्हणून सांगा. तोंडावर तोंड घट्ट ठेवा, मी नाकाची दुसरी बाजू दाबते, आणि मी सांगितलं की एक छोटी फुंकर मारा.’ दुसऱ्या फुंकरीला हरभरा शेंबडासकट त्यांच्या टेबलावर. कोरडा होता आणि लगेच आणलात म्हणून सोपं गेलं, भिजला की फुगतो, असं त्या म्हणाल्या. घरी काडीबिडी घालून काढायला जाऊ नका, आत सरकतो, हेही दोनदा बजावलं. गुंड्यानं टेबलावरचा हरभरा ओळखला. ‘बाबू आला.’

तेव्हापासून घरात कायदा आहे: लिंबापेक्षा लहान वस्तू खेळात येणार नाही. चिंचोके, बटणं, नाणी, घड्याळातले सेल सगळं वर गेलं. आणि परात मांडली की मी तिथून हलायचं नाही. गरम चहासुद्धा तिथेच जमिनीवर बसून, त्याच्या हाताला लागणार नाही असा.

उद्योगांचा राजा मात्र कणीकच. बाहेर डब्यांत मिळणारी रंगीत कणीक मूळची खेळणं नव्हतीच. अमेरिकेत सिनसिनाटीच्या एका साबणवाल्या कंपनीनं १९३०च्या दशकात ती भिंतीवरच्या कागदाची काजळी टिपायला काढली होती. घरोघरी कोळशाच्या शेगड्या, त्यामुळे भिंती काळ्या. पुढे शेगड्या गेल्या, धुता येणारे कागद आले, माल कुणी विचारेना. तेवढ्यात एका बालवाडीच्या बाईंनी तो मुलांच्या हातात दिला, आणि १९५६ मध्ये तेच खेळणं म्हणून बाजारात आलं. मला ही हकिकत फार आवडते. पण आपल्याकडे पोळ्या करणाऱ्या प्रत्येक बाईनं पायाशी लुडबुडणाऱ्या पोराला कणकेचा गोळा दिलाच आहे, त्याला कुठलं साल घालणार?

घरची टिकाऊ कणीक करायची तर दोन वाट्या मैदा, एक वाटी मीठ, वाटीला थोडं कमी पाणी आणि चमचाभर तेल. पाणी हळूहळू घालायचं, पावसाळ्यात आणखी कमी लागतं. बिटाचा रस घातला की गुलाबी, पालकाचा घातला की हिरवी. घट्ट डब्यात, फ्रिजमध्ये चार-पाच दिवस नीट राहते. मीठ इतकं की मूल दुसऱ्यांदा चाखत नाही. गुंड्यानं तीनदा चाखली, पण तो अपवाद. शेवटी ओरडून काढून घ्यावी लागली.

खरी मजा पोळ्यांच्या कणकेत. छोटा गोळा, छोटं लाटणं. तो गोळा आधी लाटला जातो, मग जमिनीवर पडतो, मग खिशात जातो, मग पुन्हा लाटला जातो. तासाभरात त्याला राखाडी रंग येतो आणि आकार श्रीलंकेसारखा होतो. मग ‘आज्जी, भाज.’ भाजावी लागते. फुगत नाही, कडक होते. ‘आजोबा, खा.’ यांची रक्तातली साखर वाढलीय, गहू कमी करायला सांगितलंय, पण ही पोळी पथ्यात बसते, कारण ती सदऱ्याच्या बाहीत जाते. गुंड्या समोर उभा राहून विचारतो, ‘छान?’ हे म्हणतात, ‘मीठ कमी आहे.’ परवा दिव्यांच्या अवसेला कणकेचे दिवे केले तर त्यानं प्रत्येक दिव्यात अंगठा घालून खोलगट भाग स्वतः केला. दोन दिवे आरपार गेले. तेही उकडले. तूप घातलं ते खालच्या ताटलीत आलं.

भेंडीचे ठसे सगळ्यांना माहीत असतात, त्यावर काय लिहायचं? देठाकडची जाड चकती घ्या, रंग पातळ नको, झालं. हळदीचं मात्र सांगते. हळद पाण्यात कालवून कागदावर फासायची, वाळली की खायचा सोडा घातलेल्या पाण्यात बोट बुडवून त्यावर रेघा ओढायच्या. पिवळ्यावर लाल उमटतं. वर लिंबू पिळलं की पुन्हा पिवळं. हळदीला खार लागला की ती लाल होते. जुनं कुंकू हळदीचंच व्हायचं ते याच गुणावर. गुंड्याला शास्त्राशी घेणं नव्हतं, त्याला बोटातून लाल येतंय याचंच अप्रूप. तो कागद सोडून उठला आणि दारामागे अडकवलेल्या, जावईबापूंच्या पांढऱ्या शर्टाला हळदीचा पंजा उमटवून आला. मी घाबरून साबण लावला. साबण म्हणजे खारच. पंजा लालभडक झाला, दारावर नव्या नवरीचा उमटवतात तसा. शेवटी दोन दिवस कडक उन्हात टाकला तेव्हा फिका पडला. हळदीचा रंग उन्हाला टिकत नाही हे एक बरं आहे. जावईबापू काही बोलले नाहीत. पण शर्ट तिथे अडकवायचे मात्र बंद झाले.

काल लेक आली साडेसातला. गाडी कुर्ल्याजवळ थांबली होती म्हणे. चपला काढल्या, पर्स टाकली आणि तिथेच भिंतीला टेकून जमिनीवर बसली. परात समोरच होती. ‘आज काय अॅक्टिव्हिटी?’ असं ती विचारेल म्हणून मी तोंड उघडलं, पण तिनं विचारलं नाही. हात रव्यात घातला. मूठ भरली, सोडली. मग चमचा उचलला आणि फुलपात्र भरायला लागली. भरलं की उपडं, की पुन्हा चमचा. फोन पर्समध्ये दोनदा वाजला. मी कुकर लावला, कोशिंबीर केली, पानं घेतली, तरी ती तिथेच.

गुंड्या तिच्या मांडीला टेकून हे सगळं बारकाईनं बघत होता. थोडा रवा लादीवर पडला तसा तो वाकला, बोटानं दाखवून म्हणाला, ‘आई, सांडू नको हां. आज्जी ओरडते.’