अभ्यासिकेचे थकलेले हिशेब मार्गी लागले, त्याची हकिकत

सोलापूरच्या पूर्व भागात, अशोक चौकापासून चालत जाता येईल अशा एका गल्लीत आमची अभ्यासिका आहे. दोन खोल्या, लांब बाकं, पुस्तकांची कपाटं, एवढाच पसारा. या भागात पुढच्या खोलीत माग आणि मागच्या खोलीत संसार अशी घरं अजूनही कितीतरी आहेत. माग सुरू असला की शेजारच्याचं बोलणं ऐकू येत नाही. आई विड्या वळायला बसली की उरलेल्या जागेत पानं, तंबाखू आणि सूप. दहावी-बारावीच्या पोरांनी पुस्तक उघडून बसायचं कुठे? म्हणून 1990 च्या दशकात इथल्या काही कामगारांनी आणि दोन-तीन छोट्या कारखानदारांनी मिळून ही संस्था काढली आणि सार्वजनिक न्यास म्हणून रीतसर नोंदवली. मी इथेच बसून शिकलो. आता शाळेत शिकवतो आणि संस्थेचं सचिवपद सांभाळतो.

संस्थेचे खजिनदार, ज्यांना अख्खी गल्ली अण्णा म्हणायची, 2021 मध्ये कोरोनाच्या दुसऱ्या लाटेत गेले. हिशेब त्यांच्या एकट्याच्या हातचा. 2018-19 पर्यंतचं ऑडिट झालेलं होतं. त्यापुढे आधी लॉकडाऊन आणि मग अण्णांचं जाणं, यात सगळं तिथंच थांबलं. आम्ही नवी कार्यकारिणी म्हणून बसलो तेव्हा 2019-20 ते 2022-23 अशा चार वर्षांचे हिशेब पडून होते. बँकेत अण्णांची सही चालायची, ती आता चालणार नव्हती. बँक म्हणाली, नव्या विश्वस्तांची नोंद झाल्याचा धर्मादाय कार्यालयाचा, म्हणजे न्यासांची नोंद ठेवणाऱ्या सरकारी कार्यालयाचा, कागद आणा. त्या नोंदीच्या मागे लागलो तर चार वर्षांचे हिशेब दाखल नाहीत, हे पुढे आलं. वीजबिल मात्र दर महिन्याला येतच होतं. आम्ही पदरचे पैसे घालून ते भरत होतो, आणि तेही कुठेतरी लिहून ठेवायला हवं होतं.

या काळात एकाने एकगठ्ठा रक्कम सांगितली. चारही वर्षांचे हिशेब तयार करून देतो, तुम्ही फक्त कागदांवर सह्या करून द्या. आकडे कुठून आणणार, असं विचारलं तर म्हणे, ते माझ्याकडे सोडा. कार्यकारिणीतले काही जण तयारही झाले होते. आमच्या अध्यक्षांचं सगळं आयुष्य यंत्रमाग कारखान्यात गेलेलं. ते एवढंच म्हणाले, "पगारातनं दहा-दहा रुपये काढून दिलेत लोकांनी. त्येचा हिशेब कोणतर बसून मनानं लिवणार?" विषय तिथंच मिटला.

मग नवी पेठेजवळच्या एका चार्टर्ड अकाउंटंटकडे, म्हणजे सीएकडे गेलो. त्यांच्याकडे बहुतेक गिऱ्हाईक टॉवेल-चादरवाल्यांचं, सूत व्यापाऱ्यांचं. आम्ही गेलो तो सप्टेंबर, म्हणजे गिऱ्हाइकांचे टॅक्स ऑडिट अहवाल भरण्याची शेवटची 30 तारीख तोंडावर. टेबलावर फायलींचे ढीग, बसायलाही जागा नव्हती. त्यांनी स्पष्ट सांगितलं, "आत्ता घेतलं तर नीट होणार नाही. दिवाळीनंतर या. येताना जे जे असेल ते आणा, नीटनेटकं करून आणू नका." या शेवटच्या वाक्याचं मोल मला पुढे कळलं. आपण हौसेने नवी कोरी वही घालून सगळं पुन्हा उतरवून काढतो, आणि त्यात मूळ कागदाचा पुरावाच हरवतो. ज्यांना अशी वेळ येईल त्यांना माझं आवर्जून सांगणं आहे : जुनी वही, फाटकी पावती, पासबुकात खोचलेली चिठ्ठी, आहे तसं पिशवीत घालून न्या.

आमच्या पिशवीत पावती पुस्तकांच्या स्थळप्रती, बँकेचं पासबुक, वीजबिलं, सुताराच्या हाताचं एक बिल आणि अण्णांच्या दोन वह्या होत्या. पहिल्या वहीत रोजकीर्द, म्हणजे रोजच्या जमाखर्चाची नोंद, मराठीत. दुसरी वही सगळी तेलुगूत. मला गल्लीत वाढल्यामुळे तेलुगू बोलता येतं, वाचता येत नाही. सीए साहेबांनाही येत नव्हतं. त्यांच्या ऑफिसात एक मुलगी आर्टिकलशिप, म्हणजे सीए होण्यासाठीची उमेदवारी, करत होती. तिची आई विडी घरकुलात, म्हणजे विडी कामगारांच्या वसाहतीत, विड्या वळते, आजी-आजोबा तेलंगणातले. तिने वही हातात घेतली आणि सरळ वाचायला लागली.

ती वही म्हणजे मुलांच्या अनामत रकमेची नोंद होती. अभ्यासिकेत नाव घालताना दोनशे रुपये अनामत घ्यायची आणि सोडताना परत करायची, अशी जुनी पद्धत. अण्णांनी ओळीने मुलाचं नाव, वडलांचं नाव, गल्ली आणि पैसे घेतल्याची तारीख लिहिलेली. परत केले असतील तिथे समोर घेणाऱ्याची सही किंवा अंगठा. काही ठिकाणी समोरची जागा रिकामी. मुलगी एकेक ओळ वाचत गेली, मी पावतीची स्थळप्रत शोधत गेलो. मध्येच ती थांबून म्हणाली, "सर, ह्या काकूंचा अंगठा आहे, त्या आमच्या शेजारच्याच." असे कितीतरी शनिवार-रविवार आम्ही त्या वहीत घालवले.

खरा प्रश्न त्यातूनच निघाला. वर्षानुवर्षं मराठी वहीत ही अनामत सरळ जमेला धरून उत्पन्नात घेतली होती, आणि परत दिलेली रक्कम खर्चात. त्यामुळे दरवर्षी संस्थेला शिल्लक दिसायची, आणि आम्ही त्या शिलकेवर पंख्याचा, बाकांचा विचार करायचो. साहेबांनी तेरीज, म्हणजे सगळ्या खात्यांच्या शिलकांची यादी, काढली, आकड्याखाली रेघ मारली आणि म्हणाले, "हे तुमचं उत्पन्न नाही. हे मुलांचे पैसे तुमच्याकडे ठेवलेले आहेत. ताळेबंदात देणी म्हणून दाखवायचे." रिकाम्या जागांची बेरीज झाली 31,400 रुपये, म्हणजे 157 मुलांची अनामत. तेवढं देणं एका दिवसात आमच्या ताळेबंदात आलं आणि शिल्लक तेवढ्याने खाली गेली. मनाला लागलं, पण ते बरोबर होतं यात शंका नव्हती. पैसा कोणाचा हे आधी ठरवायचं, मग किती ते मोजायचं, हे मी त्या टेबलाशी शिकलो.

दुसरा पेच पाण्याचा. सोलापुरात नळाला पाणी काही दिवसांआड येतं, हे काही मी नव्याने सांगायला नको. अभ्यासिकेला उन्हाळ्यात पाण्याचे जार आणि कधीमधी टँकर लागतो. जारवाला बिल देत नाही. अण्णांच्या वहीत रक्कम आहे, तारीख आहे, पण कागद नाही. आमचे एक सदस्य म्हणाले, "साहेब, व्हाऊचर करून टाकू की ओ. जारवाल्याची सही आणतो आजच." साहेबांनी हातातलं पेन खाली ठेवलं. म्हणाले, आज बसून तीन वर्षांपूर्वीच्या तारखेचं व्हाऊचर करायचं नाही. खर्च खोटा नाही, पण कागद खोटा होईल. खर्च हिशेबात राहील, आणि मी अहवालात शेरा मारीन की अमुक रकमेच्या खर्चाला पावती उपलब्ध नाही, फक्त वहीतली नोंद आहे.

शेरा म्हटल्यावर आमच्यातले काही जण घाबरले. ऑडिटरने शेरा मारला म्हणजे संस्थेला डाग लागला, ही आपल्याकडची पक्की समजूत. माझं मत आता उलट आहे. त्या शेऱ्यामुळे बाकीच्या आकड्यांवर विश्वास बसतो. पुढच्या खर्चासाठी त्यांनी सोपी रीत लावून दिली : आपलंच छापील व्हाऊचर, त्यावर कशाबद्दल ते स्पष्ट, घेणाऱ्याची सही किंवा अंगठा, दोन पदाधिकाऱ्यांच्या सह्या, आणि हे सगळं त्याच दिवशी. जारवाला आता स्वतःच विचारतो, "सर, सही कुठं करू?"

ऑडिटच्या दिवशी त्यांनी रोख शिल्लक आमच्यासमोर मोजली. पेटी उघडायला लावली, नोटा-नाणी मोजून कागदावर मांडली आणि खाली आमच्या सह्या घेतल्या. ताळेबंद न्यासाच्या नियमांतल्या शेड्यूल आठच्या नमुन्याप्रमाणे, उत्पन्न-खर्च पत्रक शेड्यूल नऊप्रमाणे, अशी चार वर्षांची चार प्रकरणं तयार झाली. प्रत्येक अहवालावर सहीखाली अक्षरं-आकडे मिळून अठरा खुणांचा यूडीआयएन. हा क्रमांक सीएंच्या इन्स्टिट्यूटच्या संकेतस्थळावर टाकला की ही सही खरोखर त्याच सीएची आहे का, हे कोणालाही पाहता येतं. 1 जुलै 2019 पासून सगळ्या ऑडिट अहवालांवर तो सक्तीचा झाला. मी कार्यकारिणीच्या बैठकीत मोबाईलवर तो टाकून सगळ्यांना दाखवला. बनावट शिक्के-सह्यांच्या गोष्टी आपण सगळ्यांनीच ऐकलेल्या आहेत. त्यामुळे ही सोय प्रत्येक संस्थेच्या सचिवाला माहीत असायलाच हवी.

धर्मादाय कार्यालयाचा भाग मी थोडक्यात सांगतो. महाराष्ट्र सार्वजनिक विश्वस्तव्यवस्था अधिनियम 1950 च्या कलम 22 प्रमाणे विश्वस्तांत बदल झाला की 90 दिवसांत बदल अर्ज द्यावा लागतो. आम्हाला उशीर झालेला, म्हणून सोबत विलंब माफीचा अर्ज, अण्णांचा मृत्यूचा दाखला, सभेची नोटीस, ठरावाची प्रत, नव्या विश्वस्तांची संमतीपत्रं आणि प्रतिज्ञापत्र. हे काम वकिलांनी पाहिलं. हिशेब दाखल झालेले असल्यामुळे सांगण्यासारखं कारण आणि दाखवण्यासारखा कागद दोन्ही हाताशी होते. आदेश झाला, बँकेत नव्या सह्या लागल्या.

पुढची पायरी आयकराची. आमचं उत्पन्न करपात्र मर्यादेच्या खालचं, म्हणून आजवर 12ए ची, म्हणजे संस्थेच्या उत्पन्नाला करातून सूट देणारी, नोंदणी कोणी केलीच नव्हती. पण 80जी, म्हणजे देणगीदाराला करात वजावट मिळवून देणारी मान्यता, नसल्यामुळे देणगी द्यायला तयार असलेला कारखानदार हात आखडता घेत होता. काम आधीपासून सुरू असलेल्या संस्थेला तेव्हा नमुना 10एबी भरावा लागायचा, आणि आपल्याकडची प्रकरणं पुण्याच्या आयकर आयुक्त, सूट, यांच्याकडे जातात. सगळं ऑनलाइन. काही महिन्यांनी नोटीस आली : न्यासाची घटना, तीन वर्षांचे हिशेब, कामाचे फोटो आणि टिपण, देणगीदारांची यादी द्या. हे सगळं आमच्याकडे लावून ठेवलेलं होतं. मी टिपणात माग, विड्या आणि अभ्यासाची जागा याबद्दल जे खरं ते लिहिलं. साहेबांनी त्यातली विशेषणं तेवढी काढली आणि मुलांची हजेरी वही जोडली. नोंदणी पाच वर्षांसाठी मिळाली.

आमची नोंदणी झाली तेव्हाच्या नियमांप्रमाणे, 80जी चा फायदा देणगीदाराला मिळायचा तर रोख देणगी दोन हजारांच्या वर चालत नाही, चेक किंवा ऑनलाइनच हवी. शिवाय वर्षभराच्या देणग्यांचं विवरण तेव्हा नमुना 10बीडी मध्ये 31 मेपर्यंत भरायचं होतं, आणि त्यातून निघणारं 10बीई प्रमाणपत्र देणगीदाराला द्यायचं. ते दिलं नाही तर त्याला वजावट मिळत नाही. आमच्यासारख्या संस्था पावती फाडतात आणि काम संपलं समजतात, म्हणून हे मुद्दाम लिहितोय.

साहेबांनी फी घेतली आणि फीची पावती दिली. समाजकार्य आहे, ऑडिट फुकट करा, असं आपल्याकडे सर्रास म्हटलं जातं. मला ते पटत नाही. सुताराचे पैसे आपण देतो, मग ज्याच्या सहीवर संस्था उभी राहते त्याचे का बुडवायचे? कार्यकारिणीने त्यांना विश्वस्त व्हा असंही म्हटलं. ते म्हणाले, "मी विश्वस्त झालो तर तुमचं ऑडिट मला करता येणार नाही. तुम्हाला मी कशासाठी हवाय ते बघा." आम्ही ऑडिटर म्हणूनच हवा असं ठरवलं. त्या आर्टिकल मुलीची आता सीएच्या फायनल परीक्षेची तयारी चाललीय. घरी जागा नाही म्हणून ती संध्याकाळी आमच्या अभ्यासिकेत बसते. तिची अनामत दोनशे रुपये, पावतीसह, देण्यात नोंदलेली आहे.

वार्षिक सभेत चारही वर्षांचे ताळेबंद भिंतीवर लावले आणि अनामत बाकी असलेल्या 157 जणांची नावं मराठीत आणि तेलुगूत लावली. लोक आले. एका माउलीने मुलगा पुण्यात कंपनीत आहे असं सांगून त्याचे दोनशे घेतले, सही केली आणि पन्नास देणगी म्हणून परत दिले. त्याची वेगळी पावती फाडली. आजवर 99 जणांचे पैसे परत गेलेत. उरलेल्या 58 जणांचे पत्ते लागत नाहीत. गल्ली सोडून गेलेली घरं, बदललेले फोन. परवाच्या बैठकीत एकाने सुचवलं की एवढी वर्षं झाली, आता ते 11,600 उत्पन्नात घेऊन टाकू, कूलर येईल. सीए बैठकीला नव्हते. अध्यक्षांनी हात वर करायला सांगितलं, एकही हात वर झाला नाही. यंदाही ती रक्कम देण्यात पुढे ओढली आहे.