कोंकला पायी

सुनेचं बाळंतपण उरकलं, बाळ तीन महिन्यांचं झालं आणि माझ्या पायांना चैन पडेना. आषाढ तोंडावर आलेला. दर वर्षी याच सुमारास माऊलींच्या पालखीबरोबर आमची दिंडी निघते, आणि मी फ्रान्समध्ये लिऑनला मुलाच्या चौथ्या मजल्यावरच्या घरात लंगोट वाळत घालत होते. शेवटी मुलगाच म्हणाला, "आई, इथेही लोक चालतात. ल पुईपासून निघतात."

"देव कोणता?"

"सँतियागो. पण तो स्पेनमध्ये, दीड हजार किलोमीटरवर. तू कोंकपर्यंत जा. तिथे एका मुलीचं देऊळ आहे."

मुलीचं म्हटल्यावर मी तयार झाले. सुमारे २०० किलोमीटर, अकरा दिवस.

ल पुईच्या कॅथेड्रलमध्ये सकाळी सातला वाटसरूंसाठी प्रार्थना असते. ती संपल्यावर धर्मगुरू विचारतात, कोण कुठून आलं. मी "साताऱ्याहून" म्हणाले आणि लगेच "इंडिया" जोडलं. मग जमिनीतली एक जाळी उघडली, खाली पायऱ्या दिसल्या आणि आम्ही सगळे थेट देवळाच्या पोटातून रस्त्यावर उतरलो. याच गावाचा बिशप गोदेस्काल्क इ.स. ९५०-५१ मध्ये सँतियागोला जाऊन आला होता. या वाटेवरच्या पहिल्या नामवंत वाटसरूंपैकी तो एक. म्हणजे वाट ज्ञानेश्वरांच्याही आधीची.

वारीत वाट चुकायची सोयच नसते. पुढच्याची टाच बघायची, वीणेकऱ्याच्या मागे राहायचं, चोपदाराने दांडा उंचावला की गप्प व्हायचं. इथे दिंडी नाही, विणा नाही. झाडावर, दगडावर लाल-पांढरा पट्टा रंगवलेला असतो, तोच चोपदार. तीच फुली झाली की वाट चुकली. सोगच्या अलीकडे मी ती फुली पाहिली आणि मला वाटलं, कुणीतरी इथे सही केली असावी. दोन किलोमीटर गेले, तेवढेच परत आले.

आलिये नदीकडे उतरणारा मोनिस्त्रोलचा उतार इतका खडा, की दुसऱ्याच दिवशी दोन्ही टाचांना फोड आले. मुक्कामाला एक निवृत्त फ्रेंच शिक्षिका होती. तिने काही न बोलता सुईत दोरा ओवला, फोडातून आरपार काढला आणि दोरा तसाच आत ठेवून दिला, पाणी झिरपून जावं म्हणून. मी थक्क! आमच्या दिंडीतल्या आक्का हेच करतात, फक्त वर हळद लावतात. तिला मराठी येत नव्हतं, मला फ्रेंच. फोनमधला अनुवादक मधे बसायचा आणि अर्धं चुकीचं सांगायचा. तरी कोंकपर्यंत आम्ही बरोबर चाललो.

एक तक्रार मात्र लिहितेच. वारीत गावोगाव चहा पाजतात, पाय चेपून देतात, भाकरी हातावर ठेवतात. इथे बहुतेक ठिकाणी बिछान्याचे पैसे, जेवणाचे वेगळे, आणि एका ठिकाणी तर मी आधी सांगून ठेवलेला बिछाना दुसऱ्याला देऊन टाकला होता. ती रात्र बाकावर. शाकाहारी म्हटलं की ऑम्लेट यायचं. ओब्राकच्या पठारावर मात्र आलिगो मिळालं. घोटलेल्या बटाट्यात ताजं चीज आणि लसूण. पळीने उचललं की हातभर तार सुटते. मी दोनदा वाढून घेतलं.

ते पठार सुमारे १३०० मीटर उंचीवर. झाड नाही, घर नाही, नुसतं गवत आणि काजळ घातल्यासारख्या डोळ्यांच्या तांबूस गाई. दुपारी धुकं उतरलं आणि माझी काठीसुद्धा मला दिसेना. बाराव्या शतकात इथे वाटसरूंसाठी मठ आणि इस्पितळ होतं. धुक्यात, बर्फात मठवासी घंटा वाजवत राहायचे. वाट हरवलेल्याने आवाजाच्या रोखाने यायचं. आता मठाची चार-दोन इमारतीच उरल्यात. आवाज होता तो फक्त गाईंच्या गळ्यातल्या घंटांचा, आणि गाई कुठेही जातात.

पुढे लोत नदीकाठची गावं पटपट गेली. एस्पालियों, एस्तँ. सुंदर आहेत, पण माझं लक्ष गुडघ्यांकडे होतं.

वेळापूरच्या टेकडीवरून तुकोबांना कळस दिसला आणि ते धावत सुटले, म्हणून आपण तिथे अजून धावा करतो. कोंकला धावता येत नाही. शेवटची वाट दगडगोट्यांची, दरीत कोसळणारी, आणि देऊळ अगदी समोर येईपर्यंत दिसतच नाही. काळपट दगडी कौलांची घरं, एक वळण, आणि अचानक दोन उंच मनोरे.

आता ती मुलगी. नाव फ्वा, म्हणजे श्रद्धा. (आमच्या बँकेत तीन श्रद्धा होत्या.) आजँ गावची, बारा-तेरा वर्षांची. रोमन देवांना नैवेद्य दाखवायला नकार दिला म्हणून इ.स. ३०३ च्या सुमारास तिला मारलं, अशी कथा. तिच्या अस्थी आजँलाच होत्या. कोंकच्या मठाकडे मात्र संत नव्हता, आणि संत नाही तर यात्रा नाही. मग कोंकचा एक साधू आजँला गेला, तिथल्या मठात दहा वर्षं विश्वासाने राहिला, आणि इ.स. ८६६ च्या आसपास एक दिवस अस्थी घेऊन पसार झाला. त्यांच्या पोथ्या याला चोरी म्हणत नाहीत, 'स्थानांतर' म्हणतात. मला आमचा विठोबा आठवला. विजयनगरच्या राजाने नेला आणि नाथांच्या पणजोबांनी, भानुदासांनी, परत आणला म्हणतात. आजँच्या लोकांना भानुदास मिळाला नाही.

आजचं देऊळ अकराव्या-बाराव्या शतकातलं. आत शिरल्यावर मान मागे पडते. छत २२ मीटर उंच आणि मधला भाग मानाने अरुंद, म्हणून ते आणखीच उंच वाटतं. पण मला आवडली ती त्याची रचना. दोन्ही बाजूंनी रुंद वाट, ती गाभाऱ्यामागून फिरून पुन्हा दाराशी येते. साधूंची उपासना मधे चालू राहावी आणि गर्दीने कडेकडेने दर्शन घेऊन निघून जावं, अशी ही दर्शनबारी. मी एक प्रदक्षिणा घातली. माझी शिक्षिका मैत्रीण मागून आली, तिला वाटलं मी काही शोधतेय. गाभाऱ्याभोवती लोखंडी जाळ्या आहेत. फ्वाच्या कृपेने सुटलेल्या कैद्यांनी बेड्या आणून वाहिल्या, त्या वितळवून या केल्या म्हणतात.

खिडक्यांत रंगीत काचा नाहीत. १०४ खिडक्या, सगळ्या पांढुरक्या. शेजारच्या रोदेझ गावात जन्मलेल्या पिएर सुलाजने त्या केल्या, १९९४ साली पूर्ण झाल्या. जन्मभर काळ्या रंगात चित्रं काढणाऱ्या माणसाने पांढऱ्या काचा द्याव्यात! गावात तेव्हा कुरकुर झाली होती. माझीही आधी निराशाच झाली. तासभर बसून राहिले तेव्हा दिसलं, की दुपारी निळसर असलेली काच संध्याकाळी केशरी होते.

रात्रीच्या प्रार्थनेनंतर मठातले एक बंधू सगळ्यांना बाहेर दारासमोर घेऊन आले. उन्हाळ्यात साडेनऊपर्यंत उजेड असतो, आणि दार पश्चिमेला. दारावरच्या दगडी कमानीत शेवटच्या निवाड्याचा देखावा, १२४ आकृत्या, काहींवर निळा-तांबडा रंग अजून टिकलेला. डावीकडे स्वर्ग, रांगेत उभा, नीटनेटका आणि खरं सांगायचं तर कंटाळवाणा. सगळी गंमत उजवीकडे, नरकात. कंजूष गळ्यात थैली बांधून लटकलाय. चोरून शिकार करणाऱ्याला सशाने शेकोटीवर धरलंय. मधे देवदूत आणि सैतान तराजूत आत्मा तोलतायत, आणि सैतान गुपचूप पारडं बोटाने दाबतोय, मंडईतल्यासारखा. कमानीच्या काठावरून काही चेहरे नुसते डोकावून बघतात, खिडकीतल्या शेजारणींसारखे. आणि कोपऱ्यात, अगदी लहान, फ्वा. देवाच्या हातापुढे लोटांगण घातलेली.

दुसऱ्या दिवशी सकाळी तिकीट काढून खजिना पाहिला. हो, तिकीट. प्रत्यक्ष मूर्ती देवळात नाही, शेजारच्या संग्रहालयात काचेत आहे. ८५ सेंटिमीटरची, लाकडावर सोन्याचा पत्रा, अंगभर रत्नं. फ्रेंच क्रांतीत सरकारने सोनं वितळवायला मागितलं, तेव्हा गावकऱ्यांनी खजिना घराघरांत लपवला, म्हणून ती वाचली. चेहरा मुलीचा नाहीच. जुन्या रोमन काळातलं पुरुषी मुंडकं, तेच बसवलंय. डोळे मोठे, माझ्या डोक्यावरून पलीकडे बघणारे.

अकराव्या शतकात बेर्नार नावाचा एक शिकलेला धर्मगुरू इथे आला होता. मूर्ती पाहून सोबत्याला हसत म्हणाला, ही तर मूर्तिपूजा. पुढे त्यानेच तिच्या चमत्कारांची पोथी लिहिली. त्यात ही पोर लोकांच्या स्वप्नात जाऊन दागिने मागते. बांगडी दे, अंगठी दे, नाही दिलीस तर बघ.

माझ्या हातात दोन हिरव्या काचेच्या बांगड्या होत्या, एक टिचलेली. द्यायची कुठे? मधे काच. मी हात जोडले तेव्हा पहारेकरी बघत होता. फार जवळ गेले होते, काचेवर श्वासाची वाफ उमटली. ओढणीने ती पुसली आणि बस पकडायला निघाले.