एक्सेल येतं ना, मग कॅल्कही येईल

"मला फक्त एमएस ऑफिस येतं, दुसरं काही जमणार नाही" असं कोणी म्हणालं की खरंच वाईट वाटतं, कारण ज्याला डॉलर लावून सेल फिक्स करता येतो, व्हीलुकअप (तक्त्यातून हवी ती नोंद शोधणारं सूत्र) कळतो, पिव्होट टेबल (मोठ्या यादीचा सारांश) बनवता येतं त्याला गूगल शीट्स किंवा लिब्रेऑफिस या मोफत ऑफिस पॅकेजमधल्या कॅल्कमध्ये नवीन शिकायला फार थोडं उरतं. बटणं तेवढी दुसरीकडे असतात. आणि बटणं तर मायक्रोसॉफ्टनेच २००७ च्या ऑफिसमध्ये रिबन, म्हणजे वरची बटणांची पट्टी, आणून हलवली होती की, तेव्हा शिकलेच ना सगळे!

वर्डचं जरा वेगळं आहे. ज्यांना हेडिंग स्टाइल (शीर्षकाचा तयार साचा) वापरायची सवय आहे त्यांना रायटरमध्ये, म्हणजे लिब्रेऑफिसच्या वर्डमध्ये, एफ११ दाबलं की स्टाइल्सची यादी मिळते, अनुक्रमणिका आपोआप बनते, पण जे स्पेस आणि एंटर मारून मजकूर जागेवर बसवतात त्यांची फाइल दुसरीकडे उघडली की हमखास विस्कटते आणि मग नाव सॉफ्टवेअरचं खराब होतं. म्हणून माझं म्हणणं, कुठलंही घ्या पण आधी स्टाइल्स शिका. फॉन्टमुळेही ओळी सरकतात बरं का, कॅलिब्री नसेल तर कार्लिटो टाका, त्याच्या अक्षरांची रुंदी कॅलिब्रीएवढीच ठेवलेली आहे.

खरी अडचण मॅक्रोची, म्हणजे तेच ते काम आपोआप करणाऱ्या छोट्या प्रोग्रामची. एक्सेलच्या व्हीबीए भाषेत लिहिलेलं गूगल शीट्समध्ये चालत नाही, तिथे अ‍ॅप्स स्क्रिप्ट, म्हणजे जावास्क्रिप्ट. कॅल्कमध्ये काही व्हीबीए चालतं, काही अडतं, त्यामुळे रोजचं काम मॅक्रोवर असेल तर मी तरी एक्सेल सोडायला सांगणार नाही. व्हीलुकअपचा नवा भाऊ एक्सलुकअपही लिब्रेऑफिसमध्ये २४.८ पासूनच आहे, जुनं व्हर्जन असेल तर आधी अपडेट करा.

बाकी निवड कामावर. एकाच शीटमध्ये बरेच जण एकदम लिहिणार असतील तर गूगल शीट्स सोपं पडतं, पण तिथे एका फाइलला १ कोटी सेलची मर्यादा आहे, एक्सेलमध्ये मात्र एकेका शीटलाच १०,४८,५७६ ओळी मिळतात. पैसे द्यायचे नसतील आणि नेटशिवाय काम करायचं असेल तर लिब्रेऑफिस, त्याचा फाइल सेव्ह करायचा ओडीएफ फॉरमॅट २००६ पासून आयएसओ स्टँडर्ड, म्हणजे आंतरराष्ट्रीय मानक, आहे.

ठरवायच्या आधी आपली सगळ्यात किचकट फाइल, कॉपी करून, नव्या ठिकाणी उघडा. पिव्होट रिफ्रेश होतो का, तारखा उलट्यासुलट्या झाल्यात का, प्रिंट प्रिव्ह्यूमध्ये पानं तेवढीच येतात का बघा. साधं पत्र उघडून काहीच कळत नाही, ते सगळीकडे नीटच दिसतं.